धुऱ्यावरचं डांगर

लाल भुंग्याच्या जिभेचे लाड फार. कारल्याच्या वाटेला तो सहसा जात नाही, काकडीची पानं खातो, पण शेजारी डांगराचा वेल दिसला की काकडी टाकून तिकडे धावतो. डांगर म्हणजे बाकीच्या महाराष्ट्राचं खरबूज. आर्णीजवळच्या तांड्यावर ही गोष्ट आधी नंदाबाईच्या लक्षात आली. न येती तर तिचं भलं झालं असतं.

नंदाबाईचं माहेर नदीकाठचं. उन्हाळ्यात पात्रातल्या वाळूत तिची याडी, म्हणजे आई, डांगराचे वेल लावायची. पुढे धरण झालं, वाळू बुडाली, तांडा पांगला. एका मावशीनं तेवढं बी तेलंगणात नेऊन जगवलं होतं. काही वर्षांमागे एका लग्नात भेटली, तेव्हा तिनं ते नंदाबाईच्या पदराला बांधून दिलं. आता मावशीही नाही.

नंदाबाईनं हौसेनं थोडं बी काकडीच्या वावरात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, लावलं. दोन पानं वर येतात न येतात तोच भुंग्यांनी चाळणी केली. काकडी मात्र त्या वर्षी अशी तरारली की नवरा, रूपसिंग, खुशीत आला. दर उन्हाळ्यात तो म्हणायचा, "धुऱ्यावर तुयं डांगर लाव वं. भुंगे तिकडंच गुतते." ती लावायची. काकडीवर घर चालतं, तिथं जिभेचं कोण ऐकतं? पण याडीच्या हातचं डांगर भुंग्यांच्या पोटात जाताना पाहून तिला रडू यायचं, आणि भुंग्यांपायी रडते हे सांगायची लाज वाटायची.

यंदा बी चिमूटभर उरलं, तेव्हा ती अडून बसली.

"यंदा धुऱ्यावर नाही लावत. मले एक तरी डांगर खायचं हाय."

"मंग काकडीचं?"

"राख टाका. वेचा भुंगे. मी बी येतो वेचाले."

रूपसिंग कुरकुरला, पण घरामागे वेल वर आला तेव्हा त्यावर जुनी मच्छरदाणी त्यानंच बांधून दिली. वेल मजेत वाढला. पिवळी फुलं आली, गळली. परत आली, परत गळली. नंदाबाईचा जीव टांगणीला लागला.

"मधमाशी आत जाईन तवा फळ धरन ना," रूपसिंग म्हणाला.

मधमाशीला दार उघडायचं तर भुंग्यालाही उघडणार. पण इलाज नव्हता. रोज सकाळी जाळी वर करून ती वेलापाशी बसायची आणि आलेला एकेक भुंगा चिमटीत धरून साबणाच्या पाण्यात टाकायची. शेजारणी हसल्या. हसू देत. एक फळ धरलं.

ते पिकलं तेव्हा घरभर वास सुटला. रूपसिंगनं विळा आणला, तर तिनं हात धरला. हे डांगर नुसतं खायचं नव्हतं. वाळूतलं डांगर खाल्लेलं माणूस समोर बसायला हवं होतं, "तेच हाय" म्हणायला. तिच्या ओळखीत असं जिवंत माणूस आता एकच होतं: पांढरकवड्याला ट्रक चालवणारा तिचा धाकटा भाऊ, बादल. तिनं फोन केला. तो दुसऱ्या दिवशी आला.

फोड तोंडात टाकताच नंदाबाईचे डोळे भरले. तेच. वास तोच, गर तोच. तिनं बादलकडे पाहिलं.

"गोड हाय, बाई," तो म्हणाला.

"वाळूतलं असंच होतं ना रे?"

बादल ओशाळला. "मले कायले याद राहीन? मी तुया कडेवर होतो तवा." मग तिचा चेहरा पाहून त्यानं आणखी एक फोड घेतली आणि हळूच विचारलं, "तूच सांग. कसं लागत होतं तिथलं?"

नंदाबाई सांगायला गेली. इतकी वर्षं ती चव तिनं जिभेवर जपली होती, कामात, आजारपणात, कुणाला न सांगता. आता आठवायला गेली तर तोंडात फक्त या घरामागच्या वेलाची चव होती. जुनी काही केल्या वेगळी काढता येईना.

"असंच," ती म्हणाली, आणि खरं बोलले की खोटं, हे तिचं तिलाच कळलं नाही.