युस्टेसचा आठ तोंडांचा डबा

लव्हेंटील वस्तीच्या चढावर लिस्ट्रा क्वामिनाने हातोडी मारली की खाली युस्टेस गोडार्ड आपली खिडकी आपटून लावायचा. पॅन, म्हणजे पत्र्याच्या पिंपाचं वाद्य, सुरात लावायला तिला शिकवलं कोणी? त्यानेच. तेलाच्या पिंपाचं बूड ठोकून खोलगट करायचं, त्यात सुरांचे फुगवटे काढायचे, शेजारचा सूर उगाच गुणगुणू नये म्हणून त्यावर लोहचुंबक चिकटवायचं, हे सगळं पोरीने त्याच्या पायाशी बसून उचललं. आणि आता कार्निव्हलच्या स्पर्धेआधी सगळ्या वाद्यांचा मेळ बसवायचं त्याचं हक्काचं काम वाद्यवृंदाचा कप्तान मॉरिल तिला देणार, अशी कुजबुज. का? तर तिच्याकडे संगणक आहे. एक मायक्रोफोन, आवाजाचे आकडे करणारा मुठीएवढा डबा, आणि कुठला सूर किती कंपनांचा ते पडद्यावर खांबांनी दाखवणारं फुकटचं सॉफ्टवेअर.

कप्तानाने तोड काढली. "दोघांनी एकेक पॅन लावा. शनिवारी वाजवून बघू. ज्याचं गोड, त्याचा हंगाम."

युस्टेसने तडक शार्लट स्ट्रीटवरचं दुकान गाठलं.

"लिस्ट्राने कुठला डबा नेला?"

"साधा. दोन तोंडांचा," दुकानदार म्हणाला.

"मला आठ तोंडांचा दे."

"काका, मायक्रोफोन किती लावणार?"

"तुला विकायचाय की माझी उलटतपासणी घ्यायचीय? ती सेकंदाला आवाजाचे नमुने किती घेते?"

"चव्वेचाळीस हजार."

"आणि हा मोठा?"

"एक लाख ब्याण्णव हजार. पण पॅनसाठी एवढे..."

"बांध!"

सॉफ्टवेअरही त्याने असं घेतलं की पडदा कार्निव्हलच्या पोशाखासारखा झगमगावा. फुकटचं वापरायला तो काय लिस्ट्रा होता?

घरी आंब्याखाली त्याने सगळं मांडलं. डबा सगळ्यात वरच्या आकड्यावर नेला आणि पॅनच्या कडेचा खालचा सूर वाजवला. खांब बरोबर त्या सुराच्या खुणेवर उभा राहिला. कान म्हणाला, सूर खाली पडलाय, वर उचल. युस्टेसने पडद्याकडे बघितलं, खांब हलला नव्हता. लिस्ट्रा यंत्रावर विश्वास ठेवते म्हणून तर काम तिच्याकडे चाललंय, मग आपण कानाचं ऐकून गावंढळ का ठरायचं? आयुष्यात पहिल्यांदा त्याने कानाला गप्प बसवलं. एकेक सूर असाच पडद्याच्या हवाली केला.

शनिवारी वाद्यवृंदाच्या आवारात आधी लिस्ट्राचं पॅन वाजलं आणि बाकांवरची माणसं माना डोलवायला लागली. मग युस्टेसचं. पहिल्याच फेरीत मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, हे पॅन आहे की शेळीची घंटा?"

आवार फिदीफिदी हसलं. कप्तान मात्र हसला नाही, ते जास्त लागलं.

"युस्टेस, कान गेला का रे तुझा?"

काय सांगणार? ऐकू आलं होतं म्हणावं तर मूर्ख, नव्हतं म्हणावं तर बहिरा. तो ताठ उभा राहिला आणि आवाराची किल्ली लिस्ट्राच्या हातात पडताना बघत राहिला.

फाटकाशी लिस्ट्राने त्याला गाठलं. "काका, डबा कितीवर ठेवला होतात?"

"तुझ्या चौपटीच्या वर!"

"आणि एका वेळी पडदा किती नमुने बघतो?"

"होते तेवढे. चार हजार."

तिने ओठ दाबले, तरी हसू सांडलंच. "म्हणजे तुम्ही सुराचा चिमूटभर तुकडा बघत होतात, काका. भरभर घेतले की चार हजार नमुने लगेच संपतात. तुकडा आखूड झाला की खांब जाड होतो. तुमच्या एका खांबात शेजारचे दोन सूर मांडी घालून बसले असतील! मी सावकाश घेते आणि तुकडा लांब ठेवते."

"मग आधी सांगायला तोंड शिवलं होतं?"

"मला विचारलंत कधी? दुकानदाराला मात्र माझं सगळं विचारून आलात."

तो पाय आपटत चढ उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा खाली आणला, तुकडा लांब केला. जाड खांबाची काडी झाली, आणि ती काडी खुणेच्या चांगलीच अलीकडे होती, म्हणजे सूर खाली. कान म्हणाला होता तेवढीच. कान शाबूत होता! हे लिस्ट्राच्या तोंडावर फेकायला तो धापा टाकत चढ चढला.

फाटकातून आत बघितलं तर ती मोठ्या खर्जाच्या पिंपांपाशी एकटी. संगणक मिटलेला. मान डावीकडे कललेली, जीभ गालात. ही मान त्याची, ही जीभही त्याचीच. हाक मारायच्या आधी तो ऐकत राहिला. एक तरी चुकू दे, तो मनात म्हणत होता, एकच. पिंपामागून पिंप नितळ वाजत गेलं.

मग एक वाजलं, केसभर बसकं. मिळाली! युस्टेसने गज घट्ट धरला, ओरडायला छाती भरून घेतली.

तेवढ्यात तिने परत एकदा ते वाजवलं, तोंड वाकडं केलं आणि हातोडी उचलली.

भरलेली छाती घेऊन तो फाटकाशी तसाच उभा राहिला.