बत्तीस वाटा, एक ठिपका

सेहेचाळिसाव्या वर्षी पीएच.डी. करणाऱ्या बाईकडे लोक ज्या नजरेने बघतात, ती नजर मला आता पाठ झाली आहे. श्रीरामपूर-बेलापूरच्या बाजूला, चहूकडे ऊस असलेल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. माझ्या नोंदणीला दोनदा मुदतवाढ मिळून झाली होती. तिसरी मिळणार नव्हती, हे विद्यापीठाने पत्राने आणि प्राचार्यांनी तोंडाने कळवलं होतं. त्या मुदतीत प्रबंध गेला नाही तर सात वर्षं पाण्यात. आणि तो सगळा प्रबंध एका चिपवर अडकला होता, जी माझी नव्हती. पुण्याच्या प्रयोगशाळेतून ती उसनी आणलेली होती आणि ठरलेल्या दिवशी परत करायची होती.

चिप करंगळीच्या नखाएवढी. एका बाजूने तिच्यात लेसरचा उजेड सोडायचा. आत तो बत्तीस वाटांमध्ये वाटला जातो आणि दुसऱ्या टोकाला बत्तीस बारीक तोंडांतून बाहेर पडतो. सगळ्या वाटांतला उजेड पावलात पाऊल टाकून बाहेर आला, तर त्याचा एकच सरळ झोत होतो. वाटांमध्ये मोजून थोडा थोडा उशीर घातला, की तोच झोत डावीउजवीकडे वळतो. मोटर नाही, फिरता आरसा नाही, काहीच हलत नाही. विनाचालक गाडीला समोरचा रस्ता बघायला असलं काहीतरी लागतं म्हणे. कागदावर हे फार देखणं दिसतं.

प्रत्यक्षात चिप तयार होऊन येते, तेव्हा बत्तिसातली एकही वाट दुसरीसारखी नसते. फरक इतका बारीक की सांगायला लाज वाटावी, पण उजेडाला तेवढा पुरतो. एका वाटेचा लवकर पोचतो, दुसरीचा रेंगाळतो. मग पडद्यावर एक ठिपका पडायच्या ऐवजी मधे एक विस्कटलेला डाग आणि दोन्ही अंगांना त्याची पिल्लं. ही पिल्लं मारणं आणि डागाचा ठिपका करणं हेच माझं काम. प्रत्येक वाटेवर एक इवलासा हीटर असतो. तो थोडा तापवला की त्या वाटेतला उजेड जरासा मागे पडतो. तापवायचं, कॅमेऱ्यात बघायचं, मधला डाग सर्वांत उजळ होईल तिथे थांबायचं आणि पुढच्या वाटेला लागायचं.

ऐकायला सोपं आहे. पण बारावी वाट जुळवली की अकरावी बिघडायची, कारण बारावीचा हीटर शेजारणीलाही ऊब देतो. अकरावी नीट करायला गेलं की दहावी रुसायची. शेवटच्या वाटेपर्यंत पोचून पहिलीकडे बघावं, तर ती परत मूळपदावर. पुन्हा पहिल्यापासून. त्यात दुपारी छत तापलं की सगळ्याच वाटा सरकायच्या, पंखा लावला की टेबल थरथरायचं, आणि विजेचा दाब खाली आला की लेसर स्वतःच डुलक्या घ्यायचा. आठ महिने मी हे केलं. मधला डाग बाजूच्या सर्वांत मोठ्या पिल्लाच्या किती पट उजळ, हा माझा आकडा. प्रबंध टिकायला तो दहाच्या आसपास जायला हवा होता; तो चारवर येऊन बसला होता आणि पुढे सरकत नव्हता. घरी मी भाजी चिरतानासुद्धा चिडलेली असायचे. नवऱ्याने काही विचारणं सोडून दिलं होतं.

आणि मग पाहुणे.

आमच्याकडे कॉलेजात कोणीही आलं, की आधी शाल-श्रीफळ, मग चहा, आणि मग माझी प्रयोगशाळा. संस्थेचे विश्वस्त, तपासणीला आलेली समिती, वसतिगृहाच्या पायाभरणीला आलेले पुढारी, एकदा तर प्राचार्यांच्या मुलीला बघायला आलेली मंडळी. "आमच्याकडे लेसरची चिप आहे," असं प्राचार्य दारातूनच सांगायचे. पाहुणे उत्साहाने पुढे यायचे आणि त्यांना काहीच दिसायचं नाही, कारण तो उजेड डोळ्यांना दिसत नाही. तो फक्त कॅमेऱ्याला दिसतो. मग सगळे स्क्रीनकडे वळायचे, आणि स्क्रीनवर माझा डाग. यातून उसातला बिबट्या दिसेल का, असं एका पाहुण्यांनी मनापासून विचारलं होतं. खरं म्हणजे तो प्रश्न माझ्या सहामाही अहवालाला येणाऱ्या परीक्षकांच्या प्रश्नांपेक्षा बरा होता.

नेवाशाहून आलेले एक निवृत्त प्राध्यापक मात्र चष्मा वर करून म्हणाले, हे तर पसरलंय, चालत नाहीये वाटतं. प्राचार्यांचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि संस्थेची शोभा होऊ नये, एवढंच ऐकवलं. मी तणतणत प्रयोगशाळेत आले. तिथे आमचे मामा कपाट पुसत होते.

मामा म्हणजे प्रयोगशाळेचे मदतनीस. वीस वर्षांपासून तिथेच. कॉलेजातल्या प्रत्येक शिपायाला मामाच म्हणतात, पण यांना ते शोभायचं. यंत्रांचं त्यांना शास्त्र कळत नव्हतं, स्वभाव मात्र कळत होता. कोणतं बटण दाबल्यावर कोणतं यंत्र कुरकुरतं हे माझ्या आधी त्यांना माहीत असायचं. माझ्या रागाला त्या दिवशी तेच समोर सापडले. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण एक वाक्य आठवतं, कारण ते पुढे माझ्याच अंगावर आलं. मी म्हणाले, "मामा, यापुढे पाहुणे आले की ते नीट दिसलं पाहिजे. काहीही करा." मामांनी मान डोलावली. मी ते विसरले.

त्यानंतर पाहुणे खूश व्हायला लागले. मी बहुतेक वेळा तासावर असायचे आणि मामाच त्यांना दाखवायचे. मला वाटलं, लोकांना कळेनासं झालं. बरंच झालं.

मुदतीला महिना उरला असताना एका दुपारी मी पेपरच्या सुपरव्हिजनवरून परत आले. सकाळचा आकडा चार होता. सकाळपासून मी कशालाही हात लावला नव्हता. सवयीने पुन्हा मोजलं आणि आकडा आला अकरा. परत मोजलं. अकराच. स्क्रीनवर स्वच्छ, गोल, एकटा ठिपका होता. पिल्लं जवळपास नाहीशी.

मी काय केलं? खुर्चीत मागे रेलून हसत बसले. मनाशी म्हटलं, चिप मुरली. लोणचं मुरतं तशी मुरली. आठ महिने मी त्या बत्तीस वाटांपैकी एकीवरही विश्वास ठेवला नव्हता, लेसरवर नाही, विजेवर नाही, छतावर नाही. त्या दिवशी मात्र मी कोणावरच संशय घेतला नाही. तासाभरात पुण्याला माझ्या मार्गदर्शकांना मेल गेला, आठवड्यात प्रकरण लिहून झालं.

माझे मार्गदर्शक माझ्याहून नऊ वर्षांनी लहान आहेत. ते मला मॅडम म्हणतात, मी त्यांना सर म्हणते, आणि या मानापानात आम्हाला एकमेकांना धड रागावता येत नाही. त्यांनी अभिनंदन कळवलं. काही दिवसांनी त्यांचा आणखी एक मेल आला: परिशिष्टात लेसर बंद असतानाचा कॅमेऱ्याचा एक फोटो जोडाल का, घाई नाही. मला ते किरकोळ वाटलं. चिप परत करायला चार दिवस उरले, तेव्हा मी तो काढायला बसले.

लेसर बंद केला, फोटो काढला, आकडे उघडले. शून्य, शून्य, शून्य. आडवे शून्य, उभे शून्य.

कॅमेरा इतका काळा कधीच नसतो. झाकण लावून ठेवला तरी त्याला अंधारात थोडी धुसफूस दिसतेच, नऊ, अकरा, दहा असले बारके आकडे. शून्यच शून्य याचा अर्थ खालचं सगळं कोणीतरी छाटलं होतं. मी कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये गेले. माझा प्रोग्रॅम फक्त फोटो उचलायचा, तिथल्या सेटिंग्जकडे मी कधी बघत नव्हते. ब्राइटनेसची पट्टी तळाशी ओढलेली होती. म्हणजे प्रत्येक ठिकाणच्या उजेडातून एक ठरावीक तुकडा वजा होत होता. मधल्या डागाला त्याचं काही वाटत नाही, तो मोठाच आहे. पिल्लं मात्र त्यातच संपतात. मी पट्टी जागेवर नेली आणि पिल्लं एकेक करून परत आली. मोजलं. चार पूर्णांक तीन.

मामा दारातच होते. ही पट्टी कोणी ओढली, असं मी विचारलं, आणि ते जराही न कचरता म्हणाले, "मीच की. पाव्हन्यापुढं फाटकी गोधडी कुनी टाकतं का, मॅडम? ती खाली वढली का ठिपका गोल दिसतो. पाव्हनं गेलं का मी परत वर करून ठिवायचो."

माझा आवाज चढला. मग त्या दिवशी का नाही ठेवली, म्हणून मी ओरडलेच. सात वर्षं, मुदत, विद्यापीठ, सगळं त्यांच्या अंगावर फेकलं. मामांनी ते संपू दिलं. मग खाली बघत म्हणाले, "आल्तो ना वर करायला. तुमी एकट्याच बसून हसत हुता. लई दिसांनी हसत हुता. म्हनलं, ऱ्हाऊ द्या आजच्या दिवस. मंग दुसऱ्या दिवशी तुमी पेढं वाटलं. मंग कसं सांगायचं?"

पेढे मी खरंच वाटले होते. मामांनी दोन घेतले होते.

मी बाहेर व्हरांड्यात आले आणि सरांना फोन लावला. आकडा खोटा आहे, प्रकरण मागे घ्यायचं आहे, असं एका दमात सांगून टाकलं. कॅमेऱ्याची सेटिंग कोणी बदलली, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, मी. त्यांना वाटलं असेल, बाई मोठ्या मनाने कोणाला तरी पाठीशी घालतेय. तसं नव्हतं. नीट दिसलं पाहिजे, काहीही करा, हे मीच म्हणाले होते. आणि सकाळपासून काहीही न बदलता आकडा जवळजवळ तिपटीने वाढतो, हे बघून हसत बसणारीही मीच होते. माझ्या विद्यार्थ्याने असा आकडा आणला असता तर मी त्याला दारात उभं केलं असतं.

मग सर हळूच म्हणाले, "मॅडम, मला तो आकडा पहिल्या दिवशीच खटकला होता. पण तुमचा मेल इतक्या आनंदाचा होता. आणि तुम्ही मोठ्या. तोंडावर कसं विचारायचं? म्हणून तो फोटो मागितला."

घाई नाही, असं लिहून मागितला होता. मी तो दोन आठवडे बाजूला टाकला होता. मामांना कळलं होतं, सरांना कळलं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही कुठेतरी कळलं होतं. तिघांनीही कोणाचं मन मोडायला नको म्हणून तोंड उघडलं नाही. इतका राग आला मला आमच्या सगळ्यांच्या चांगुलपणाचा. कोणीतरी वाईट वागलं असतं, तोडून बोललं असतं, तर तीन आठवडे वाचले असते.

उरलेले चार दिवस आम्ही पुन्हा मोजलं. मी हीटर फिरवायचे, मामा स्क्रीनवरचा आकडा मोठ्याने वाचायचे. पट्टीवर त्यांनी स्वतःहून चिकटपट्टीचा तुकडा लावला, स्क्रीनवरच, जणू त्याने ती हलायची थांबणार होती. मधे प्राचार्य दोन पाहुण्यांना घेऊन आले, तेव्हा डाग जसा होता तसाच दिसला. पाहुण्यांपैकी एकांनी, बिघडलंय का, म्हणून विचारलं. हो, मी म्हणाले, तेच दुरुस्त करतेय. प्राचार्य त्यांना लगेच ग्रंथालयाकडे घेऊन गेले.

चौथ्या दिवशी संध्याकाळी पाचला आकडा साडेचारवर थांबला. त्याच्या पुढे तो गेला नाही. मी तो वहीत लिहिला, चिप डबीत ठेवली आणि प्रकरणात अकरा खोडून साडेचार केले. कारण काय ते खाली तीन ओळींत लिहून टाकलं.

मामा डबीवर पुण्याचा पत्ता चिकटवत होते. न बघताच त्यांनी विचारलं, "साडेचार चालंल का, मॅडम?"

चालेल की, काळजी करू नका, असं जिभेच्या टोकावर आलं होतं. वीस वर्षं मी त्यांना असंच सांगत आले.

"माहीत नाही, मामा," मी म्हणाले. "बहुतेक नाही चालणार."