सोळा पानं कमी

छापखान्यातून पुस्तक येतं ते सुट्या घड्यांनी. सोळा पानांची एक घडी, तिला फर्मा म्हणतात. माझे बाइंडरकाका शिकाऊ असताना त्यांनी एका कादंबरीची एक प्रत शेवटचा फर्मा न घालताच शिवून टाकली. मालकांनी ती त्यांच्या अंगावर भिरकावली. "घे, तुझं बक्षीस!"

काकांनी आयुष्यात जीव लावून वाचलेली कादंबरी ती एकच. सूर्य विझलेला ग्रह, यंत्रं आणि मंत्र दोन्ही चालणारं शहर, आणि खाणीत नाहीशा झालेल्या मुलाची वाट बघत शेगडी पेटती ठेवणारी आई. जगभर नावाजलेलं पुस्तक. काकांची प्रत संपायची ती अशी: आई भिंतीला टेकून झोपली आहे, मुलगा शेगडीपाशी हात शेकत बसला आहे आणि

बस्स, तिथंच. पुढची सोळा पानं काकांनी चाळीस वर्षं मनानंच भरली. चार वर्षांपूर्वी दादा, म्हणजे त्यांचा मुलगा, "या डिंकात मला आयुष्य घालवायचं नाही" म्हणून भांडून गेला. तेव्हापासून तर त्यांनी ती फारच ठासून भरली. दादाला फोन करा म्हटलं की म्हणायचे, "येईल. शेगडी पेटती आहे ना?"

गेल्या आठवड्यात मी कादंबरीची नवी आवृत्ती त्यांना नेऊन दिली. त्यांनी चष्मा पुसला आणि थेट शेवट काढला. उभ्यानंच वाचला. मग स्टुलावर बसले, उठले, पुन्हा बसले.

"उठून गेला," ते म्हणाले.

"कोण?" काकूंनी आतून विचारलं.

"मुलगा. आई जागी व्हायच्या आत. ती उठते तर शेगडी गरम. तिला वाटतं, आपणच रात्री कोळसे जास्त घातले. संपलं पुस्तक!" त्यांनी ते टेबलावर आपटलं. "याला काय शेवट म्हणतात? चारशे पानं जागी राहिलेली बाई नेमकी तेव्हाच झोपते?"

"चारशे पानं जागी होती म्हणूनच झोपली असेल," काकू म्हणाल्या. "माणूस आहे ती, चौकीदार नाही."

मला हसू आलं. काकांना नाही. दुपारभर त्यांच्या हातून काही धड होईना. एक पुठ्ठा तिरका कापला गेला, दोरा दोनदा तुटला. जाऊन दाराशी उभे राहायचे, रस्त्याकडे बघायचे, परत यायचे.

"अहो, एका पुस्तकापायी काय हे? गोष्टच आहे ना?" काकू बाहेर आल्या.

"तो आला होता," काका म्हणाले.

"पुस्तकात. सांगितलंत मघाशी."

"पुस्तकात नाही. इथं. मागच्या वर्षी. दारात उभा होता. मी शिवत होतो. त्याचे बूट दिसले मला. मान वर केलीच नाही. म्हटलं, आधी त्यानं हाक मारावी. मारली नाही. गेला."

काकूंचा पदर हातातच राहिला. "आणि हे तुम्ही मला आज सांगताय?"

"ती बाई निदान झोपली तरी होती गं."

काकू त्यांच्यावर तुटून पडतील असं मला वाटलं. त्यांनी फक्त माझ्याकडे हात केला. "फोन लाव गं दादाला."

दादानं लगेच उचलला. मी फोन काकांच्या कानाला लावला. त्यांनी घसा दोनदा साफ केला.

"मी बोलतोय. त्या दिवशी तू दारात आलास ना... मी तुला पाहिलं होतं."

पलीकडे गाड्यांचे आवाज. मग दादा म्हणाला, "माहितीय, बाबा. सुई थांबली होती तुमची."

काकांनी टेबलाची कड धरली. "मग आत का नाही आलास?"

"कुणी ये म्हटलंच नाही."

"आता म्हणतोय," काका म्हणाले. आवाज एवढा चढला की शेजारचा दुकानदार डोकावला. "ये. ऐकलंस का? ये म्हणतोय मी."

दादा काय म्हणाला ते मला कळलं नाही. काकूंनी फोन हिसकावून घेतला होता.