दोन बोटांतली पेन्सिल

दुखणं जुनं झालं की त्याच्याभोवती किस्से साठत जातात. भेटायला येणारा प्रत्येक जण एक औषध सांगतो आणि जाता जाता काहीतरी बोलून जातो. औषधं मी विसरले, बोलणं तेवढं राहिलं. आता कुणी बसायला आलं की मी त्यातलं एकेक काढते. दुखणंच सांगत बसले तर माझ्याजवळ कोण बसेल?

शाळा कळंबची, मुलींची. चार वर्ग आणि तीन शिक्षिका. हेडमास्तरीण म्हणजे आमच्या मोठ्या बाई, दुसऱ्या शांताबाई, तिसरी मी. माझ्याकडे पहिली. पाणी भरणं, झाडणं, घंटा देणं हे कासूबाईकडे होतं, आणि शाळेत कुणी कसं वागावं हे ठरवणंही तिच्याकडेच होतं. साल सत्तावन-अठ्ठावन असेल. मी तेव्हा सव्वीस वर्षांची.

*

सुरुवात हातांपासून झाली. सकाळी उठावं तर बोटं मिटलेली, उघडेचनात. सांधे सुजलेले आणि गरम. यवतमाळला डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एकेक सांधा दाबून पाहिला आणि म्हणाले, "हा संधिवात आहे. सांध्यांना आतून सूज येते."

मी म्हटलं, "तो तर म्हाताऱ्यांना होतो ना?"

"हा वेगळा. हा तरुण बायकांनाही सोडत नाही."

"बरा कधी होईल?"

डॉक्टर खरं बोलणारे निघाले. म्हणाले, "कमी-जास्त होत राहील. गोळ्या देतो, शेक घ्या. पण हात वापरायचे सोडू नका. सोडलेत तर वळतील आणि कायमचे बसतील."

"आणि वापरले तर?"

"वापरले तरी थोडे वळतीलच. पण कामाचे राहतील."

परत येताना एस.टी.त मी रडले, हे कबूल करते. मूठ उघडत नव्हती म्हणून कंडक्टरनं तिकीट माझ्या पिशवीत टाकलं आणि काही न विचारता पुढे गेला. त्या दिवशी तेवढी एकच गोष्ट बरी वाटली.

*

मग पथ्यं सुरू झाली. एक जण म्हणाला, आंबट बंद. दुसरी म्हणाली, तुरीचं वरण वातूळ, ते बंद. वांगं बंद, बटाटा बंद, भात बंद, थंड पाणी बंद. मी त्या वेळी घाबरलेली होते, त्यामुळे सगळ्यांचं सगळं ऐकलं. पंधरा दिवसांत माझं लुगडं कमरेवर राहीना.

कासूबाई माझा डबा उघडून पाहायची. एके दिवशी त्यात नुसती कोरडी भाकर दिसली.

"बाई, वरण काहून नाई?"

"वातूळ असतं म्हणे."

"भाजी?"

"तीही चालत नाही."

"मंग खाता काय तुमी? हवा?"

"हवा पण नाही, कासूबाई. वारा लागू देऊ नका असं सांगितलंय."

ती डबा घेऊन गेली आणि तिच्या घरचं वरण आणि वांग्याची भाजी घेऊन आली. समोर बसून तिनं मला जेवायला लावलं. दुसऱ्या दिवशी हात दुखले, पण ते रोजच दुखत होते. त्या दिवसापासून मी सगळं खाते.

*

नवऱ्याचं सांगते. ते नाही सांगितलं तर नोकरीचं एवढं का, हे कळणार नाही. सासरी चुलीवरचं पातेलं माझ्या हातातून दोनदा सुटलं. तिसऱ्यांदा सुटलं तेव्हा त्यांनी मला आईकडे आणून सोडलं आणि म्हणाले, "बरी झालीस की ये."

वडील गेलेले. भाऊ लांब, त्याचा संसार मोठा. मी आणि आई, आणि माझी नोकरी. नोकरी गेली असती तर आम्हा दोघींना भावाच्या दारात उभं राहावं लागलं असतं. भावजय वाईट नव्हती, पण तिचा चेहरा मला आधीच दिसत होता.

दीड वर्षानं नवऱ्याचं कार्ड आलं. "बरी झाली असशील तर कळव." मला उत्तर लिहायला चार दिवस लागले, कारण बोटं रोज एकेक शब्दच लिहू देत होती, आणि दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्यायचं नव्हतं. शेवटी लिहिलं, "बरी नाही. कामावर आहे."

त्यानंतर कार्ड आलं नाही.

*

माझी वेणी शांताबाई घालायच्या. हात डोक्यापर्यंत जात नव्हते आणि आईला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. शांताबाईंच्या घरच्यांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली होती. घरातले देव विसर्जन केले होते आणि शांताबाई ताठ चालायला लागल्या होत्या. त्या सकाळी घरी यायच्या, वेणी घालायच्या, मग आम्ही दोघी शाळेत जायचो.

आई त्यांना चहा द्यायची, पण वेगळ्या कपात. तो कप कोनाड्यात वेगळा ठेवलेला. पाहुणीनं चहा प्यायचा आणि कप स्वतः विसळून ठेवायचा, अशी रीत. शांताबाईंची आईही आयुष्यभर गावात तसंच करत आलेली. मला हे दिसत होतं आणि मी गप्प होते. विषय काढला आणि वेणी घालणारीच उद्या आली नाही तर, अशी भीती होती, आणि आईचीही होती. त्या गप्प बसण्याची मला अजून लाज वाटते.

एके दिवशी शांताबाईंनी चहा संपवला आणि कप खाली ठेवला. म्हणाल्या, "आई, कप मी विसळणार नाई. छप्पन सालापासून सोडलं ते. येणी मात्र रोज घालून देईन, तुमी काई म्हणा."

आई माझ्याकडे पाहायला लागली. मी माझे दोन्ही हात पुढे केले. ते कप विसळायच्या कामाचे नव्हते.

 आई उठली आणि कप तिनंच विसळला. कोनाडा उंच होता, तिला तिथवर जायचा कंटाळा आला असेल. कप आमच्या कपांत ठेवला गेला आणि पुढं कुठला कुणाचा ते ओळखू येईना.

*

वर्गातलं सांगायचं तर खडूनं मला फार छळलं. खडू धरायला अंगठा लागतो आणि माझा अंगठा आत वळलेला. खडू पडायचा, मुली धावून उचलून द्यायच्या, पुन्हा पडायचा. एकदा एका तासात इतक्यांदा पडला की मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले आणि डोळे पुसले. मागून आवाज आला, "याडी, रडू नको." बंजारा तांड्यावरची झमकी होती. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. शाळेत बाई म्हणायचं असतं हे तिला माहीत होतं, पण तेव्हा तेच तोंडात आलं.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी बसून युक्ती शोधली. खडू अंगठ्यात न धरता पहिल्या दोन बोटांच्या फटीत धरायचा आणि मनगटानं ढकलायचा. आधी रेघा आल्या, मग गोल आले, मग अ आला. पाटीवरची पेन्सिलही तशीच. पुढची चार वर्षं मी पहिलीच्या मुलींना अशीच शिकवत आले. खडू पडायचा थांबला आणि मला वाटलं, आता सुटले.

*

बासष्टच्या सुमाराला कुणीतरी कचेरीत अर्ज टाकला. सही नव्हती. बाई पांगळी आहे, पहिलीच्या मुलींचं नुकसान होतं, असा मजकूर. अर्ज टाकणाऱ्यावर मला रागावता येईना, कारण मलाही रात्रंदिवस तीच शंका होती. शाळा तपासणारे डिप्टीसाहेब येऊन माझा वर्ग पाहणार आणि मी कामाला लायक आहे की नाही ते लिहून देणार, असं पत्र आलं.

महिना मार्चचा, म्हणजे शाळा सकाळची. माझे हात नऊशिवाय उघडत नाहीत, हे सगळ्या शाळेला माहीत. रोज कासूबाई पाणी तापवायची आणि प्रार्थना चालू असताना मी हात त्यात घालून बसायची. मोठ्या बाईंनी ठरवलं, साहेबांना आधी चहा, मग फराळ, मग हजेरीपत्रकं, असं करत नऊ वाजवायचे.

साहेब सातला पाच कमी असतानाच दारात उभे. चहा घेत नव्हते. कासूबाईच्या चुलीवरचं पाणी अजून कोमट झालेलं नव्हतं.

मी वर्गावर गेले. साहेब मागं भिंतीशी खुर्चीत बसले. मी खडू दोन बोटांत अडकवला आणि 'कमळ' लिहिलं. तीन अक्षरांना किती वेळ लागला ते सांगत नाही. साहेब हातावरचं घड्याळ पाहत होते. मला भावाच्या दारातलं आईचं गाठोडं दिसायला लागलं होतं.

साहेब उठले. म्हणाले, "मुलींनो, पाट्या काढा. हेच लिहून दाखवा."

चाळीस मुलींनी पाट्या मांडीवर घेतल्या. चाळीस मुलींनी पेन्सिल पहिल्या दोन बोटांच्या फटीत धरली, अंगठा आत वळवून घेतला आणि त्या मनगटानं ढकलत लिहायला लागल्या.

देवाशपथ सांगते, मी ते त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. चार वर्षं मी अक्षरं तपासत होते, हाताकडे कधी बघितलंच नव्हतं. दारात मोठ्या बाई उभ्या होत्या, त्यांनी डोळे मिटून घेतले. मी मनात म्हटलं, सुमन, अर्जात लिहिलं ते खरंच निघालं.

पहिल्या ओळीत झमकीची धाकटी बहीण सोनी बसली होती. साहेब तिच्यापुढे वाकले.

"पेन्सिल अशी का धरतेस?"

"अशीच धरतेत."

"कुणी सांगितलं?"

"बाईनं. बाई तशीच धरते."

"अंगठ्यानं धरून लिही बघू."

सोनीनं अंगठ्यानं धरली. क काढला. तो लवंडला. तिनं तो थुंकीनं पुसला आणि साहेबांकडे पाहून म्हणाली, "अशानं वाकडं येते, साहेब. तुमी आमच्यावानी धरून पाहा."

वर्गात कुणी हसलं नाही. साहेबांनी तिची पाटी घेतली, मग शेजारणीची, मग एकेक करत सगळ्यांच्या पाट्या पाहिल्या.  ऑफिसच्या खोलीत गेले, शेरेबुक मागितलं आणि दार लोटून घेतलं.

आम्ही तिघी बाहेर उभ्या. शांताबाईंनी माझा हात धरला होता. कासूबाई गरम पाण्याचा गंज घेऊन आली होती आणि तो कुठं ठेवावा हे तिला कळत नव्हतं. दोन ओळींचा शेरा लिहायला साहेबांना कधी पाच मिनिटं लागली नव्हती. त्या दिवशी अर्धा तास लागला. मग ते बाहेर आले, मोठ्या बाईंना नमस्कार केला आणि रुमालानं बोटं पुसत मोटरस्टँडकडे निघून गेले.

मोठ्या बाईंनी शेरेबुक उघडलं. मागच्या पानांवर साहेबांचं अक्षर होतं, बारीक, तिरपं, घोटलेलं. या पानावर मोठाली, हेलकावणारी अक्षरं होती, ओळ सोडून खाली गेलेली.

"पहिलीचे अक्षर चांगले आहे. बाईंना वर्गावर ठेवावे."

खाली सही होती, ती पार कडेपर्यंत गेली होती. टेबलावर दोन ठिकाणी शाई सांडलेली होती. पुढं कासूबाई सगळं टेबल पुसायची, तेवढी जागा सोडून.