बंदुकीची माशी

शेजारच्या लग्नात फटाके उडाले, त्यांच्या दारूचा वास घरात आला आणि मला सासऱ्यांची ठासणीची बंदूक आठवली. तेव्हा लातूर जिल्हा नवा झाला होता. पावसानं दडी मारली होती. विहिरीकाठची तेवढी ज्वारी हिरवी राहिली होती आणि तिच्यावर रोज हरणं पडायची. एक पाडलं की बाकीची फिरकणार नाहीत, म्हणून सासरे बंदुकीचा नेम जुळवायला बसले. नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी हातोडीनं जरा सरकवायची आणि बाभळीला बांधलेल्या गोवरीवर बार काढायचा. गोळी कुठं लागली ते मी पळत जाऊन बघायचे. नव्या सुनेनं सासऱ्यांशी बोलायचं नाही, म्हणून मी सासूला सांगायचं आणि तिनं त्यांना. तीन बार झाले. एक खोडात, एक बांधावर, एक कुठं गेला कळलंच नाही. मी कुजबुजले, “आत्या, माशी नीट हाय. मामांनाच दिसंना झालंय.” सासूनं मला चिमटा काढला आणि ओरडली, “जरा डावीकडं गेली म्हनती!” सासऱ्यांनी पुन्हा हातोडी उचलली. संध्याकाळी ते हरणांवर बार काढणार होते आणि त्याच ज्वारीत माळ्यावर माझा नवरा राखणीला बसणार होता. एकदम तोंडातून निघालं, “मामा, माशी नगा ठोकू. तुमची नजर कमी झालीया. ह्येनला गोळी लागंल.” सासू मटकन खाली बसली. सासरे डोळा चोळत राहिले, मग म्हणाले, “तर मग डबं वाजवून हरणं हाकला समदे.” बंदूक खुंटीला गेली. आता मी सासू आहे. सून दिवसभर बडबडते, पण मधेच माझ्याकडं बघून गप्प झाली की वाटतं, माझी कुठली चूक हिला दिसली आणि ही सांगत नाही?