उंदरांनी खाल्लेला पखवाज
माझ्या थोरल्या भावाने मला फसवलं. मी लहानपणापासून वाजवायचो तो पखवाज उंदरांनी खाल्ला असं सांगून त्याने तो परस्पर कासारसाईच्या भजनी मंडळाला देऊन टाकला. पुढे माण गावातली जमीन विकून मी खोल्या बांधल्या, भाडेकरूंशी भांडलो, पण आत काही हलत नव्हतं. पन्नाशीत एका सौद्यासाठी कासारसाईला गेलो, तेव्हा देवळात ओल्या कणकेचा वास आला. लहानपणी माझ्या हातून समई लागून पडलेल्या जळक्या डागावरून मी माझा पखवाज ओळखला. म्हातारा वादक पखवाजाच्या डाव्या तोंडाला, धुम्याला, कणीक थापत म्हणाला, “नुसतं बघताय काय? बसा की हितं.” बसलो. बोटं बधिर होती, तरी बोल निघत गेले. सौद्याचा माणूस ताटकळून निघून गेला आणि मला रागसुद्धा आला नाही. आजही घरात कणीक भिजवली की तोच वास येतो. दादा, पखवाज राहू दे तिकडंच. एवढी वर्षं मला दगड करून ठेवलंस, त्याचा जाब दे.