ओसरीच्या खांबाआडची बाई

माणसावर पटकन विश्वास टाकणं मला कधी जमलं नाही. जन्मले मुलगा म्हणून, पण मी बाईच होते. घरी हे पटेना, तेव्हा लातुरातून एका नाटक कंपनीबरोबर निघाले आणि दहा वर्षं दोन अंकांच्या मधे नाचले. रात्री शिट्ट्या मारणारेच सकाळी दगड मारत. कंपनीतल्या एका म्हाताऱ्या नटानं मला लिहाय-वाचायला शिकवलं, तेवढीच कमाई.

कंपनी बुडाल्यावर नांदेडला आले. निजामाच्या शाळांत सगळं उर्दूतून. म्हणून एका वकिलांनी आपल्या ओसरीवर मुलींसाठी मराठीचा वर्ग काढला होता. माझं अक्षर बघून त्यांनी मला ठेवून घेतलं. मागचं त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी एकही मुलगी आली नसती.

एक सवय मात्र सुटेना. रंगमंचावर चढण्याआधी फळीला हात लावून तो कपाळाला लावायचा, ही कंपनीची रीत. ओसरीच्या पायरीलाही मी तेच करी. धर्माबादहून नांदेडला येऊन राहिलेल्या एका अडत्याची बायको मुलीला सोडायला आली की खांबाआडून ते बघत राही. वर्ग सुटेपर्यंत हलत नसे. धर्माबादला आमच्या कंपनीचे मुक्काम पडत. ही पाळतीवर आहे, याची मला खात्रीच पटली. अन्न गोड लागेना.

महिन्याभरानं, मुली गेल्यावर, मी तिला गाठलं. "हो, मीच ती कंपनीत नाचणारी! सांगा जाऊन गावभर."

ती पांढरीफटक पडली. "मला काय म्हाईत, बाई? तुमी पायरीच्या पाया पडता, वाटलं सरस्वतीचं हाय. घरी मी बी पाटीला तसंच करते." मग हळूच म्हणाली, "इथून आयकून चोरून शिकायलेय. मालकाला कळलं तर तंगडं मोडतील. तुमचं मी सांगत न्हाई. माझं तुमी सांगू नका."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. तरी विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी ट्रंक भरूनच वर्गावर आले. सगळ्या मुली आल्या, तिची तेवढी नाही. संपलं, म्हटलं.

उशिरानं ती मुलीला घेऊन आली. ट्रंकेकडं बघितलं आणि खांबाआड न थांबता सगळ्यांदेखत मुलींच्या रांगेत मांडी घालून बसली.

"अहो, मालकांना कळलं तर?" मी म्हटलं.

"कळू द्या. तुमाला माझा भरवसा न्हाई, दिसायलंय की. आता माझं बी उघडं पडलं. शिकवा."

मला मान वर करवेना. तिच्यापुढं पाटी ठेवली.